कूलरपुढची चाचणी

जरीपटक्याच्या बाजारात, भर दुपारी बारा वाजता, मुकुंद काळमेघच्या हातातला पोस्टमन मेला. मेला म्हणजे दिसेनासा झाला. तळहातावर मावेल एवढा तो डबा. त्याच्या मालकानं, भैय्याजींनी, त्याचं नाव ठेवलं होतं 'डाकिया'. काचेवर करंगळीच्या नखाएवढा पोस्टमन पळायचा, मागे कुत्रा, आणि आपण दोन बटणं दाबून त्याला घराघरात पत्रं टाकायला लावायची. झाला खेळ! ह्याला खेळ म्हणायचं, तर मग खाज आली की खाजवणं हाही खेळच की. दुकानदाराला नमुना दाखवायला भैय्याजींनी मुकुंदला पाठवलं होतं, आणि दुकानदार जेवायला गेला होता म्हणून मुकुंद बंद शटरपुढच्या पायरीवर उन्हात उभा होता. एम. टेक.च्या तोडीचा माणूस, पायरीवर उभा राहून बटणं दाबतोय. सत्तावीस पत्रं टाकून झाली आणि काचेच्या एका कोपऱ्यातून काळं पसरायला लागलं. आधी कुत्रा गेला, मग घरं गेली, मग पोस्टमन. काच तव्यासारखी काळीठिक्कर. आवाज मात्र चालू होता. आत अंधारात कुत्रा पोस्टमनला चावत होता आणि टीं टीं वाजत होतं. मुकुंदनं डबा हलवला, कानाशी धरला, आणि मग त्याच्या पोटातून एक थंडगार आनंद वर आला. असा आनंद त्याला गेल्या तीन वर्षांत झाला नव्हता.

समोरच्या रसवंतीत जाऊन त्यानं बर्फ घातलेला रसाचा ग्लास मागवला, डबा ग्लासला टेकवून ठेवला आणि घड्याळ पाहत बसला. चार मिनिटांत काच उजळली, पोस्टमन परत पळायला लागला. पायरीवर नेला, सहा मिनिटांत पुन्हा काळा. एवढं पुरे होतं. काचेतला तो द्रव एका मर्यादेपलीकडे तापला की अक्कल सोडतो, हे हाँगकाँगहून काचांसोबत आलेल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलंच असणार. पण कागद वाचतो कोण? भैय्याजी? भैय्याजींनी आयुष्यात वाचलेला सगळ्यात मोठा कागद म्हणजे लग्नपत्रिका. श्याऐंशी सालचा एप्रिल संपत आला होता, पारा चव्वेचाळीसवर होता, नवतपा, मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, अजून यायचा होता. आणि हे डबे सुट्टीतल्या पोरांसाठी विकायला निघणार होते. नागपुरात, चंद्रपुरात, अकोल्यात! मुकुंद रसवंतीत बसून एकटाच हसला. रसवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, तसा त्यानं चेहरा सरळ केला आणि उरलेला रस न पिताच उठला, कारण ग्लासच्या कडेला लिंबाची बी चिकटली होती आणि असल्या गोष्टींची त्याला किळस यायची.

भैय्याजी म्हणजे हिंगणा एमआयडीसीतल्या 'चंद्रिका इलेक्ट्रॉनिक्स'चे मालक. आधी फ्रिजसाठी स्टॅबिलायझर बनवायचे, मग नागपुरात टीव्ही आला तेव्हा अँटेनाचे बूस्टर. मुकुंद त्र्याऐंशी साली त्यांच्याकडे आला तो काखेत आपलं सर्किट घेऊनच. त्या सर्किटाचं झालं 'मैदान': एक खोका टीव्हीला जोडायचा, दोन माणसांनी हातात एकेक फिरकी धरायची, पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू. टेनिस, हॉकी, भिंतीवरचा खेळ. भैय्याजींनी पहिल्या दिवशी पेढे वाटले होते. आणि यंदा मार्चमध्ये हाच माणूस मुंबईहून हाँगकाँगच्या तयार काचांच्या पेट्या घेऊन आला. म्हणाला, "मुकुंदराव, आता दोन्ही चालू द्यायचं. घरचा खेळबी अन् हातातलाबी. उन्हाळा संपला का पाहू, जो चालला तो ठेवू, दुसरा बंद." दोन डगरींवर हात! शेडच्या मधोमध प्लायवुडची भिंत घातली. इकडे मैदान, चार माणसं. तिकडे डाकिया, अकरा बाया. भिंत छपरापर्यंत पोचलीसुद्धा नाही, वरून तिकडच्या बांगड्या, हसणं आणि ते टीं टीं दिवसभर इकडे सांडायचं, आणि मुकुंदच्या कपाळाची शीर उडायची.

मुकुंदला जातपात काही नव्हती. तो सगळ्यांनाच सारखा तुच्छ लेखायचा आणि ह्याचा त्याला अभिमान होता. भैय्याजी अडाणी, दुकानदार लुच्चे, गिऱ्हाइक म्हणजे मेंढरं. बायको प्रेमिला, तिच्या डोक्यात हुडकेश्वरचा प्लॉट सोडला तर काही नाही. नाल्याच्या कडेला काळी माती, पावसाळ्यात माणूस गुडघ्यापर्यंत रुतेल, पण हिला तिथं बंगला दिसतो. भिवापूरचे आपले बापूजी, म्हणजे वडील, मिरचीच्या ढिगावर उभं आयुष्य काढलं आणि मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा विचारलं काय, तर "पंखा दुरुस्त करता येते काय गा तुले?" त्या मिरचीच्या वखारीची एक भिंत मुकुंदच्या डोक्यात अजून उभी होती. हंगामात सगळ्या गावाच्या नाकात तिखट, सगळे शिंकायचे, पण मुकुंदला दम लागायचा, ओठ निळे पडायचे, म्हणून पोरं त्याला खेळायला घेत नसत. "हा मरन अन् आपल्यावर येईन." मग तो वखारीच्या भिंतीवर रबरी चेंडू मारत बसायचा. टक. परत यायचा. टक. तासन् तास. मैदानमधला चेंडू फळीवर आपटल्याचा आवाज जुळवायला त्याला सतरा दिवस लागले होते, आणि अठराव्या दिवशी तो 'टक' आला तेव्हा तो शेडमधून बाहेर जाऊन नाक शिंकरून आला होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? पहिला खोका घरी नेला, टीव्हीला जोडला, प्रेमिलाच्या हातात फिरकी दिली. तिनं दोन डाव खेळले आणि म्हणाली, "डोळे दुखतात बाई." तेव्हापासून तो दोन्ही फिरक्या स्वतःच धरायचा, उजवा हात विरुद्ध डावा हात. बहुतेक वेळा उजवा जिंकायचा. माणसानं जन्मात एक गोष्ट केली, एक, आणि ती आता प्लायवुडच्या पलीकडचा नखाएवढा पोस्टमन गिळणार होता. नाही गिळणार! उन्हानंच त्याला गिळलं होतं. आपण फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे काही करणं नव्हे, असं त्यानं स्कूटरवर शेडपर्यंत येता येता स्वतःला तीनदा सांगितलं.

आणि शेडमध्ये काय चाललं होतं? नागपुरात होळी झाली की कूलर बसतात, हे काही कोणाला सांगावं लागत नाही. माळ्यावरून खोके उतरतात, जुना वाळा काढून नवा लावतात, पाण्याची टाकी घासतात. डाकियाच्या बाजूलाही कूलर बसला होता आणि त्याच्या अगदी तोंडाशी चाचणीचं टेबल. का, तर घामेजल्या बोटांनी काचेवर डाग पडतात. हे मुकुंदनंच मार्चमध्ये सुचवलं होतं, तेव्हा मनात पाप नव्हतं. प्रत्येक डबा तिथं खेळून पाहायचा. पन्नास पत्रं पुरी पडली की चिठ्ठीवर सही, डब्याला चिठ्ठी, डबा खोक्यात. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत ओल्या वाळ्याच्या वाऱ्यात पोस्टमन आनंदानं पळत होता. एकूणएक डबा पास! असला मूर्खपणा पुण्यामुंबईचा माणूस करणार नाही, कारण त्यानं कूलर पाहिलेला नसतो. आणि पोस्टमनला पळवणारी होती प्रयागबाई. इंदोऱ्याची, चाळिशीची, विड्या वळून वळून बोटं अशी तयार झालेली की मुकुंदच्या हातून सत्ताविसाव्या पत्राला चावणारा कुत्रा तिच्या हातून शंभरातही चावत नसे. ती हसत नसे, जिंकली तरी नाही. पन्नास झाली की डबा बंद, चिठ्ठीवर 'प्रयाग' अशी ठसठशीत सही, पुढचा डबा. बाप धम्मदीक्षा घेऊन आला त्या वर्षी शाळेत घातलं होतं, ते दोनच वर्षं, पण सही करताना ती अशी ताठ बसायची जसं काही कोर्टाचा निकाल देतेय. मुकुंदला त्याचंही हसू यायचं. वासरात लंगडी गाय शहाणी, तो मनात म्हणायचा.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ही लंगडी गाय त्याच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. हातात डबा होता, पदरात गुंडाळलेला.

"साहेब, हे उन्हात काळं पडून राहिलं."

मुकुंदनं वर पाहिलं नाही. "तुम्ही ते उन्हात कशाला नेलं?"

"निंबाखाली जेवत होतो आमी. सही झालेला डबा टोपल्यात होता, तो भीमाबाईनं पायऱ्यावर ठेवला. पाहतो तं काय, सारं काळंच काळं. म्हटलं खराब असन. दुसरा ठेवला, तोबी तसाच. चार ठेवले. आत आणले का बरे होते."

"मग बरे होतात ना?"

"होते ना. पण लेकरं काय कूलरपुढं बसून खेळतीन का जी?"

प्लायवुडच्या वरून टीं टीं येत होतं. मुकुंदच्या मनात आलं, बघा, अकरा बाया, एक मालक, मुंबईचा दलाल, हाँगकाँगची फॅक्टरी, आणि डोकं चाललं कोणाचं तर हिचं. क्षणभर त्याला तिच्याबद्दल आदरासारखं काहीतरी वाटलं, आणि त्यामुळेच तो चिडला. "प्रयागबाई, तुमचं काम डबा तपासायचं. शोध लावायचे नाहीत. टेबल जिथं आहे तिथंच राहील."

ती हलली नाही. "सही माही जाते ना साहेब त्याच्यावर."

"मी सांगतो भैय्याजींना," मुकुंद म्हणाला. "आजच सांगतो. त्यांनी नाही म्हटलं तर तुम्हाला कळवतो. तोवर चालू द्या."

"सांगसान ना?"

"सांगतो म्हटलं ना!"

तिनं मान हलवली आणि गेली. तिचा विश्वास बसला होता. साहेब शिकलेला आहे, साहेब बोलला म्हणजे झालं. मुकुंद तिच्या पाठीकडे पाहत राहिला. ही माणसं अशीच मरतात, तो मनात म्हणाला, शिकलेल्यानं शब्द दिला की ह्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि मग त्यानं सोल्डरिंगची कांडी उचलली आणि मैदानच्या पट्टीवरचा एक सांधा पुन्हा तापवला. त्या सांध्याला काही झालेलं नव्हतं.

त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. भैय्याजी रोज त्याच्या टेबलाशी येऊन "बरं हाय ना सारं?" विचारायचे आणि तो "बरं आहे" म्हणायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार डबे बाहेर गेले. मुकुंद वाट पाहू लागला. वाट पाहण्यात एक चव असते हे त्याला नव्यानं कळलं. सकाळी उठला की तो आधी आकाश बघायचा. ढगाचा ठिपका दिसला तर वैतागायचा, गरम वाफ आली तर त्याला बरं वाटायचं. शेजारपाजारचे "काय ऊन हो हे, जीव घेते" म्हणून कण्हायचे, आणि हा आतल्या आत म्हणायचा, अजून, अजून! पारा सेहेचाळीसवर गेला त्या दुपारी तो घरी जेवताना हसला. प्रेमिलानं विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "काही नाही, आंबा गोड आहे." ती खूश झाली, आणखी एक फोड वाढली, आणि तिच्या त्या खूश होण्याचाही त्याला तिटकारा आला. एकदाच, पहाटे कधीतरी जाग आली असताना, प्रयागबाईची सही त्याच्या डोळ्यांपुढे आली. दोन हजार वेळा. पण ती तर डब्यांवरची सही, माणसावरची थोडीच, असं म्हणून त्यानं कूस बदलली. आपलं मैदान वाचतंय ना, मग बाकी जग गेलं खड्ड्यात. जगानं आजवर आपल्यासाठी काय केलं?

वीस मेच्या सकाळी चंद्रपूरचे नत्थूजी आले. घाऊक व्यापारी, डोईवर ओलं उपरणं, मागे हमाल, हमालाच्या पाठीवर पोतं. त्यांनी भैय्याजींना रामरामही घातला नाही. पोतं टेबलावर उलटं केलं. डब्यांचा खडखडाट झाला, सगळ्यांच्या काचा काळ्या, कारण पोतं मोटारीच्या टपावरून आलं होतं.

"हे काय होय भैय्याजी? कोळसा विकून राहिले का तुमी? कोळसा तं आमच्याच गावी निघते, तुमच्यापासून काहून घेऊ?"

प्लायवुडच्या दोन्ही बाजूंची कामं थांबली. टीं टीं थांबलं. भैय्याजींनी एक डबा उचलला, चिठ्ठी पाहिली. दुसरा उचलला, चिठ्ठी पाहिली. मग हाक मारली, "प्रयागबाई!" मुकुंद दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याला वाटलं होतं ह्या क्षणी आपण सुखानं फुटू. पण तो टेबलावरचे काळे डबे मोजत होता, तेवढंच.

प्रयागबाई आली. टेबलावरचा ढीग पाहिला आणि मुकुंदकडे पाहिलं, अगदी सहज, जसं माणूस साक्षीदाराकडे पाहतो. "भैय्याजी, हे मी साहेबाले सांगतलं होतं. महिना होत आला. साहेब बोलले, मी मालकाले सांगतो."

"काहो मुकुंदराव?" भैय्याजी वळले. "सांगतलं होतं हिनं?"

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तरी डाकिया बुडणारच होता, पण बरोबर आपणही, आणि आपल्याबरोबर मैदान. एवढा हिशोब त्याच्या डोक्यात झालासुद्धा नाही. तोंडच आधी उघडलं. आणि इतकी वर्षं शेडमध्ये जपून ठेवलेली पुस्तकी भाषा गेली कुठे कोण जाणे, भिवापूरचा आवाज बाहेर आला. "नाही जी. मले नाही सांगतलं कोणं."

भीमाबाई पुढे सरकली, "अवं, मीबी होती ना तवा..." पण तिच्या घरात पाच खाणारी तोंडं होती, ती मधेच थांबली आणि पदर सारखा करत राहिली. भैय्याजींनी मुकुंदकडे पाहिलं, प्रयागबाईकडे पाहिलं, आणि डब्यावरच्या चिठ्ठीवर बोट आपटलं. "बाई, सही तं तुमचीच हाय. उद्यापासून येऊ नका."

ती ओरडली नाही, रडली नाही. मुकुंदला वाटलं होतं शिव्या देईल. त्याची तयारी होती, शिव्या देणाऱ्याला तुच्छ लेखणं सोपं असतं. तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, जेवणाचा डबा आत टाकला, आणि कूलरपुढून निघून गेली.

नत्थूजींना चहा पाजून भैय्याजींनी अर्ध्या तासानं मुकुंदला आत बोलावलं. नत्थूजींचा चेहरा निवळला होता. ते आपलं पोतं परत भरून घेत होते. भैय्याजींनी दार लोटलं, पान लावलं, आणि म्हणाले, "बसा गा मुकुंदराव. बाई खरं बोलून राहिली होती, मले माहीत हाय."

मुकुंदनं तोंड उघडलं.

"राहू द्या. मी काय दूधखुळा हाय का? पहिली पेटी आली त्याच दिवशी डबा गच्चीवर ठेवून पाह्यला होता मी. झाला काळा. आता पैसा गुतला तं काय करता, आणलेल्या काचा काय गणपतीसंगं शिरवता? म्हटलं पाहू, कोण येऊन सांगते. तुमी येसान असं वाटलं होतं. नाही आले. तवाच समजलो, आपल्याच मातीचा माणूस हाय." ते मनापासून हसले. "आज बोलसान का काय, असंबी वाटलं. पण नाही बोलले! नत्थूजीले कोणाचं तरी मुंडकं दाखवावं लागत होतं. झालं काम. तो म्हणते, पोरं काही सोडत नाहीत डब्याले. काळा पडला का ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवतात, पाच वाजता काढतात. आपण खोक्यावर छापू, सावलीत खेळा. अजून हजार मागून राहिला तो."

"आणि मैदान?" मुकुंदनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"मैदान बंद. घरात टीव्ही एक, पाहणारे दहा. सासू उठते का जी टीव्हीपुढून, पोराले चेंडू खेळू द्यायले? ते भिंत काढून टाका उद्या. सारी शेड डाकियाची, अन् तुमी तिचे मॅनेजर. घ्या." त्यांनी पानाचा अर्धा विडा पुढे केला.

मुकुंदनं ह्या माणसासाठी मनात तीन वर्षं शब्द जमवले होते: अडाणी, बैल, बनेल, लग्नपत्रिका वाचणारा. त्यातला एक तरी आता हाती लागावा म्हणून तो आत शोधत होता. एकही लागेना. समोरचा माणूस त्याच्याकडे प्रेमानं बघत होता, भाऊ भावाकडे बघतो तसा. मुकुंदनं विडा घेतला आणि तोंडात घातला.

तो स्कूटर काढून बाहेर पडला, तेव्हा हिंगणा रोडच्या बसथांब्यावर प्रयागबाई अजून उभी होती. थांब्याला छप्पर नव्हतं, तिनं पिशवी डोक्यावर धरली होती. मुकुंदला सरळ निघून जाता आलं असतं. त्यानं स्कूटर थांबवली. का, ते त्याला कळलं नाही. कदाचित तिनं थुंकावं म्हणून.

"चला, इंदोऱ्यापर्यंत सोडतो."

"नको जी. बस येईन."

तो गेला नाही, तशी तिनं पिशवी खाली घेतली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. बिघडलेला डबा हातात घेऊन कुठं काय तुटलंय ते शोधावं, तसं. "साहेब, एक विचारू? भैय्याजी मालक हाय, त्याले पैसा पायजे, समजलं. तुमाले काय पायजे होतं?"

मुकुंदला वाटलं सांगावं. वखारीची भिंत, निळे ओठ, सतरा दिवस, सगळं. पण ओठावर एवढंच आलं. "मैदान बंद करणार होते ते."

"तो चेंडूचा खेळ?"

"हो."

"खेळासाठी?" ती म्हणाली. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि समजत नव्हतं हेही. "मोठा माणूस ना जी तुमी? खेळासाठी?"

बस आली. दारातल्या बायांनी तिला ओळखून हात दिला, "ये वं प्रयागे, आज लवकर सुटली?" आणि ती चढली. मुकुंद स्कूटर धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, शिव्या देत होता. तोंडातल्या पानाचं काय करावं हेही त्याला सुचत नव्हतं.